प्रश्न शेवटी

हिंजवडीतली नोकरी सोडून मी पर्यावरणाची सहा महिन्यांची पदविका घेतली, तीही घरबसल्या, आणि मुठा गावच्या शाळेत दर शनिवारी दहावीला शिकवायला लागले. विषय मीच ठरवलेला: निसर्ग राखून पोट भरता येईल असे व्यवसाय. पहिल्याच दिवशी नियम सांगितला, मध्ये बोलायचं नाही, प्रश्न शेवटी. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तशातली मी.

यंदा एका संस्थेने रोपवाटिकेच्या वर्षभराच्या निवासी प्रशिक्षणासाठी शाळेला एक जागा दिली. नाव मी कळवायचं होतं. डोंगरावरच्या वाडीतून तासभर चालत येणारी प्रिया एरवी तोंड उघडत नसे, पण मी वर्गात हे सांगितलं त्या दिवशी दारात थांबली. "बाई, माझं नाव घ्याल का? न्हाईतर आई मला हिंजवडीत कँटीनला लावतीया."

"परीक्षा घेईन," मी म्हटलं. "चांगलं काम करेल तो जाईल."

परीक्षा म्हणजे प्रियाच्याच वाडीच्या देवराईची सफाई. तिथे पालापाचोळा गुडघाभर साचला होता आणि मला तो कचरा दिसला. मुलांनी बावीस पोती भरली, वाटेतली रोपटी उपटली. सगळं टेम्पोने शाळेच्या खतखड्ड्याकडे गेलं. प्रिया झाडू धरून नुसती उभी. तिने एकदा हात वर केला. मी म्हटलं, "प्रश्न शेवटी." शेवटी फोटो काढायची घाई झाली आणि प्रश्न राहून गेले. तिच्या नावापुढे मी लिहिलं, सहभाग नाही. नाव पाठवलं जुईलीचं, ग्रामसेवकांच्या मुलीचं. तिने एकटीने सहा पोती भरली होती.

पुढच्या शनिवारी प्रियाला घेऊन तिचे आजोबा, चिंधू, शाळेत आले. वहाणा दाराबाहेर काढून आत उभे राहिले.

"बाई, आमचा पाला कुटं हाय?"

"त्याचं खत करतोय, आजोबा."

"देवाच्या रानातली वाळकी काडीबी कुनी नेत न्हाई. तितला पाला तितंच कुजायचा, त्याच्या वलीवर रोपं जगायची. म्हातारा बेहडा पोकळ झालाय. औंदा पयल्यांदाच त्याची पोरं हुबी ऱ्हायली व्हती. ती तुमी उपटलीत."

ते ओरडले असते तर सोसलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जंगल स्वतःचं खत स्वतः कसं करतं, या प्रश्नाला पदविकेत मला दहापैकी दहा गुण होते.

"तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?" मी प्रियाला विचारलं. आवाज चढलाच, खोड कुठे जाते.

"हात वर केला हुता की, बाई."

मी तिथूनच संस्थेला फोन लावला. यादी पक्की झाली होती. जुईलीने स्वतः माघार घेतली तरच नाव बदलणार. मी जुईलीला हाक मारायला वळले, तर प्रियाने माझी ओढणी धरली.

"नगं, बाई. तिला जाऊ द्या. तिला शिकायची गरज हाय."

पोती आम्ही परत नेली. पाला कसा पसरायचा ते प्रियाने मला दाखवलं, मी खाली मान घालून पसरला. रोपटी वाळून गेली होती.

जूनमध्ये जुईली प्रशिक्षणाला गेली आणि प्रिया कँटीनला. आता वर्गात शिरल्याबरोबर मी विचारते, कोणाला काही सांगायचंय का? मुलं वह्या उघडून गप्प बसतात.