लतिकाची पोटरी

"पाय दाखव," विश्वेश्वर म्हणाला आणि हातातला चहा तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला.

"अहो, काय हे! पोटरी आखडलीय नुसती. काल मंडळाच्या गणपतीत दिवसभर पुऱ्या तळत उभी होते ना."

तो ऐकत नव्हता. त्याने लतिकाची पोटरी दोन्ही हातांत धरली, दाबून पाहिली, दुसरीशी ताडून पाहिली. गेल्या वर्षी ती तापाने फणफणली होती, तेव्हा उशाशी गोळ्या ठेवून तो युनिव्हर्सिटीतल्या ऑफिसला निघून गेला होता. आज पांढराफटक चेहरा करून तिच्या पायाशी बसला होता. क्षणभर तिला सुखच वाटलं.

"चल डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता."

"नाश्ता तरी करा."

"नाश्ता गेला खड्ड्यात!"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. देवश्री.

त्याची पहिली बायको. घाटाच्या पायऱ्यांवर घसरून तिचा घोटा मोडला होता. पोटरी दुखते म्हणायची, तर सगळ्यांना वाटलं प्लास्टर काचतंय. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती फुप्फुसात गेली आणि देवश्री न्हाणीघराच्या दारातच कोसळली. लतिकाला हे नणंदेकडून कळलं होतं. विश्वेश्वर त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि त्याचं ते गप्प राहणंच लग्नापासून तिला सलत आलं होतं.

युनिव्हर्सिटीजवळच्या लंका मोहल्ल्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कौन सा पैर?"

"बायाँ," विश्वेश्वर झटकन म्हणाला.

"दायाँ," लतिका म्हणाली.

चूक त्याच्या लक्षातही आली नाही. तो देवश्रीबद्दल सांगत सुटला होता. प्लास्टरच्या वरची कातडी कशी तापली होती, निळसरपणा कुठवर चढला होता, पाय कसा टेकवत नव्हता. सगळं काल घडल्यासारखं. लतिकाला वांगं चालत नाही, हे अजून त्याच्या लक्षात राहत नव्हतं.

डॉक्टरांनी पाय तपासला. "सूजन तो खास है नहीं. हमें शक कम है. खून की एक जाँच करा लेते हैं, डी-डायमर. नॉर्मल आया तो समझिए खून का थक्का नहीं है."

"और बढ़ा हुआ आया तो?" विश्वेश्वरने विचारलं.

"तब भी ज़रूरी नहीं कि थक्का ही हो. फिर पैर की सोनोग्राफी करेंगे."

रक्त देऊन ती बाकावर बसली. तो येरझाऱ्या घालत होता, सारखा खिडकीशी जाऊन विचारत होता. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "बहुत मानते हैं आपको."

लतिका हसली. येऊ दे वाढलेला रिपोर्ट, तिला वाटलं. निघू दे गुठळी. मग माझीही पोटरी याला अशीच आठवत राहील. त्या विचाराने ती स्वतःच दचकली, पण तो लगेच हाकलावासाही वाटला नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला.

"मांसपेशी खिंची है," डॉक्टर म्हणाले. "आराम कीजिए. सूजन बढ़े या साँस फूले, तो फ़ौरन आइएगा."

विश्वेश्वर बाहेर आला आणि बाकावर कोसळल्यासारखा बसला. रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागला. लतिकाने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. शेजारची बाई संकोचून उठून गेली.

"वेळेवर आणलं ना मी?" रुमालातूनच तो म्हणाला. "सांग ना. या वेळी वेळेवर आणलं ना?"

हा प्रश्न कुणाला आहे ते लतिकाला कळत होतं. मी लतिका आहे, मला काही झालेलं नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "अगदी वेळेवर आणलंत."

त्याचे खांदे हळूहळू खाली आले. ती त्याच्या शेजारी बसली आणि दुखरा पाय समोर लांब केला. येणारे-जाणारे त्या पायाला वळसा घालून जात राहिले.