एकट्यापुरती

पेन्शन कचेरीतली बाई फाइल उघडायच्या आधीच मला 'काकू' म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. कचेरीत कुणी उगाच गोड बोलत नाही.

हे जाऊन दीड महिना झाला होता. छापखान्यात मशीनवर चौतीस वर्षं काढली यांनी. मूळ पेन्शन तुटपुंजी, घर चालायचं ते वरच्या पुरवणी पेन्शनवर. ती माझ्या नावावर करून घ्यायला मी लेकीला घेऊन आले होते. निम्मी मिळाली तरी भाडं सुटलं असतं, नाहीतर खोली सोडायची.

"काकू, पुरवणीत दोन प्रकार असतात," बाई म्हणाली. "जोडीने घेतली तर थोडी कमी येते, पण नवऱ्यामागे बायकोला निम्मी चालू राहते. एकट्यापुरती घेतली तर जास्त येते आणि त्या माणसाबरोबर संपते. काकांनी एकट्यापुरती घेतलीय."

"चुकून खूण केली असेल. मला विचारल्याशिवाय साधा शर्ट घेत नव्हते ते."

"याला बायकोची संमती लागते. ही तुमचीच सही ना?"

सही माझीच होती, कोंबडीचे पाय काढल्यासारखी. तारीख अकरा वर्षांपूर्वीची, हे निवृत्त झाले तेव्हाची. तेव्हा मी दवाखान्यात होते, नाकात नळी, आणि डॉक्टरांनी यांना माझी चार-सहा महिन्यांची मुदत सांगितली होती. यांनीच पाठीला हात देऊन मला उठवलं, पेन बोटांत धरवलं. दवाखान्याचा कागद आहे म्हणाले.

"आता बदलून नाही का मिळणार?" लेकीने विचारलं.

"पहिली पेन्शन उचलली की निवड कायम होते."

"आई, बाबांना तेव्हा वाटलं असेल…" लेक अडखळली.

"की मीच आधी जाणार. बोल की, दातखीळ का बसली?"

त्या जास्तीच्या पैशांतूनच माझी औषधं आली, हे मला कळत होतं. तरी संताप आवरेना. माझ्या हाताला धरून या माणसाने मला जमेतून वजा केलं होतं.

खाली उतरताना जिन्यातच बसले. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे, तब्येत सुधारतेय. मी हसायचे. हे मात्र खाली मान घालून, हात जोडून बसायचे. अकरा वर्षं मी समजत होते, देवाचे आभार मानतायत.