मास्तरांची रेघ

माझ्या जावयाला एक खोड आहे. समोरच्याचा चहा संपायच्या आत तो कप उचलतो. बोलता बोलता तुम्ही कप जरा खाली ठेवलात की गेला तो बेसिनमध्ये. "झाला ना?" असं विचारतो खरा, पण विचारतो तेव्हा कप नळाखाली असतो. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्या घरी मी पुरता कपभर चहा एकदाही प्यायलेली नाही. माणूस वाईट नाही. शिकलेला आहे, टापटिपीचा आहे, माझ्या लेकीला जपतो. पण घाई हाडात मुरलेली.

खाली माझा शिवणकारखाना आहे, वर ती दोघं राहतात. दोघंही एकाच कंपनीत कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करतात, घरूनच. माझी ही धाकटी लेक काम करते आणि जावई तिचा साहेब आहे. नवरा तो नवरा, वर साहेबही तोच. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी दोन्हीपैकी एक नोकरी सोडली असती.

परवा सकाळी धाकटी लॅपटॉप काखेत मारून खाली आली आणि कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली. डोळे लाल होते. रडलेली नव्हती. संतापली की तिचे डोळे लाल होतात, ते तिने माझ्याकडून घेतलंय.

"वर जागा नाही का?" मी विचारलं.

"वर साहेब आहेत."

"काय केलं साहेबांनी?"

"तुला नाही कळायचं, आई."

"चौथीपर्यंत शिकलेय मी. चौथीचं सांग."

मग तिने सांगितलं. कर्नल म्हणून एक भाग असतो, सगळ्या यंत्राचा कारभार तोच बघतो. त्याच्या मेमरीत एक कागद लावलाय असं समजायचं, आणि दहाजण तो वाचतायत. मजकूर बदलला की नवा कागद लावायचा आणि जुना काढायचा, कारण जागा थोडी असते, तिथे दुसरं काही लिहायचं असतं. "पण कुणी अजून जुनाच वाचत असेल तर?" ती म्हणाली. "त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच येतं आणि अख्खं यंत्र आडवं होतं. सगळा वाद एवढाच, जुना काढायचा कधी."

"तू काय लिहिलंस?"

"आधीपासून वाचणारे सगळे एकदा मोकळे होईपर्यंत थांबायचं. त्याने ते खोडलं. म्हणतो, तीस सेकंद थांब आणि काढून टाक, वाचायला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. उद्या द्यायचंय. आणि खाली सही माझी हवी."

"कुठे जाणार ही यंत्रं?"

"इस्पितळात. पेशंटच्या उशाशी."

"मग? केलीस सही?"

"नाही. तर म्हणाला, नसेल करायची तर काम सोड, दुसऱ्याला देतो. चार वर्षं घातलीत मी यात."

मी तिला भिंत दाखवली. जन्मापासून बघत आलीय ती भिंत, पण कधी बघितलीच नव्हती.

आमच्याकडे इस्पितळाचे पांढरे कोट शिवतात. बाहीचा, गळ्याचा, खिशाचा असा एकेक पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, टेबलावर असतो. ज्याचा त्याने आपला गठ्ठा बेतायचा, एकच फर्मा सगळ्यांच्या हातून फिरतो. माप बदललं की मी नवा फर्मा ठेवते, पण जुना उचलत नाही. त्या क्षणी जे जे कामावर बसलेत त्यांच्या नावाची एकेक रेघ भिंतीवर खडूने ओढते. गठ्ठा पुरा करून जो उठला, त्याची रेघ पुसायची. पुढचा गठ्ठा त्याने नव्या फर्म्यावर घ्यायचा. उशिरा येऊन बसतो त्याची रेघच नाही, कारण त्याने जुन्याला हातच लावलेला नसतो. शेवटची रेघ पुसली की त्या पुठ्ठ्याचे मी खिशाचे फर्मे कापते. पुठ्ठा काही झाडाला लागत नाही.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. नवी होते तेव्हा मीही अंदाजाने उचलायची. एकदा "झालं असेल सगळ्यांचं" म्हणून बाहीचा फर्मा कापून लहान केला आणि टेबलावर तसाच ठेवला. एका बाईच्या डाव्या बाह्या झाल्या होत्या, उजव्या राहिल्या होत्या. तिने न बघता तोच ओढला. चाळीस कोटांची डावी बाही मनगटापर्यंत आणि उजवी कोपरापर्यंत. इस्पितळाच्या माणसाने विचारलं, आमचे डॉक्टर एका हाताने काम करतात का?

धाकटी भिंतीकडे बघतच राहिली. "आई, मी हेच लिहिलंय गं. हेच."

तेवढ्यात जावई खाली आला. "आई, तुम्ही तरी हिला समजवा. ही म्हणते सगळ्यांची वाट बघ. एखादा मोकळा झालाच नाही तर? जुने कागद साचून साचून यंत्र गुदमरेल."

मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, "जो उठत नाही त्याला हाक मारायची. त्याच्या हातातलं ओढायचं कशाला?"

"हाक मारायचं पण लिहिलंय मी," धाकटी म्हणाली. "कोण अडलाय ते नाव घेऊन सांगतं. वाचलंयस कुठे तू?"

"वेळ नव्हता."

"बरं जावईबापू," मी म्हटलं, "इथलं काम बघा. सकाळीच बाहीचं नवं माप आलं. तो जुना फर्मा तिथे पडलाय. टाकू का?"

त्याने आजूबाजूला बघितलं. कामावरच्या तिघी पोरी नव्या फर्म्यावर होत्या. मास्तर, म्हणजे आमचे सर्वांत जुने शिंपी, मशीन उलटं करून त्यात तेल सोडत होते. जुन्या फर्म्याला कुणाचा हात नव्हता.

"कधीपासून पडलाय?"

"अर्धा तास झाला असेल."

"आणि बाही बेतायला किती लागतात?"

"दोन मिनिटं."

"मग अर्धा तास म्हणजे फारच झाला. टाका."

"कापा मग. ही कात्री. खिशाची खूण केलेलीच आहे त्यावर."

भिंतीवर एक रेघ शिल्लक होती. मी त्याला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. धाकटीने तोंड उघडलं, तिचा पाय मी टेबलाखाली दाबला. त्याने कापला, आणि खरं सांगते, माझ्या पोरींपेक्षा सरळ कापला.

मास्तरांनी मशीन सरळ केलं, हात पुसले, कापडाचा गठ्ठा पुढे ओढला आणि न बघताच टेबलाकडे हात लांबवला. हाताला खिसा लागला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर केला.

"बाई, बारा डाव्या बाह्या कापून झाल्यात माझ्या. उजव्या बाजूला नुसता खिसाच लावू का?"

तिघी तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. जावयाचे कान लाल झाले.

"हे हजारात एकदा होतं, आई," तो म्हणाला. "यांची सुई मोडली म्हणून."

"सुई नव्हती मोडली," मास्तर म्हणाले. "घरघरत होतं. पण मी उठलो नव्हतो."

"आणि तुझं यंत्र दिवसातून किती हजार वेळा कागद बदलतं?" धाकटीने विचारलं. आवाज चढवला नाही तिने. "माझी सही नाही. काम काढून घेतलंस तर कंपनीला लिहून देईन, का नाही केली ते."

अडला की हात कामाला लागतात त्याचे. समोर माझा चहाचा कप होता, तो त्याने उचलला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"जावईबापू, तुम्ही माझ्यापेक्षा दहापट शिकलात, पण आज मास्तरांच्या बारा बाह्या तुमच्या घड्याळाने खाल्ल्या. समोरच्याचं झालं की नाही हे आपल्या घड्याळात बघायचं नसतं, त्याचं त्याला विचारायचं असतं. इथे पुठ्ठा गेला, मी सोसलं. तिथे उशाशी माणूस असेल. तेव्हा वर जा, खोडलेलं पुन्हा होतं तसं लिहा आणि तिच्या सहीखाली तुमची सही करा. आणि तो कप खाली ठेवा. माझा चहा अजून संपलेला नाही."