चेलोची खरखर

आमच्या दुकानात जुनी वाद्यं उघडायची सुरी एकच, आणि ती दादाच्या हातात. बाबा गेल्यापासून माझ्या वाट्याला नुसत्या तारा बदलणं आलं. दादा गिऱ्हाइकांसमोर मला तारवाली म्हणायचा, वर हसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सुरी काही मिळायची नाही.

त्यात तो चेलो आला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, जमिनीवर टेकवून वाजवायचा. जाड तार वाजवली की खरखरायचा. दादाने तो उघडला, आतली सुटलेली पट्टी चिकटवली, बंद केला. खरखर कायम. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. शेवटी त्याने हात टेकले. चेलोच्या मालकीणबाई संगीत शिकवायच्या, जन्मभर त्याच चेलोवर वाजवत आलेल्या. त्यांना फोन करून सांग, हा आता बरा होणार नाही, असं मला सांगून तो मोकळा झाला.

मी म्हटलं, एकदा मला उघडू दे. तर म्हणे, तारवालीने तारा बघाव्यात.

डोकंच फिरलं माझं. चेलो उचलला आणि तरातरा बाहेर जिन्यात गेले. पायरीवर बसून रागारागाने त्याच तारेवर गज ओढला. खरखर नाही! पुन्हा ओढला. स्वच्छ, भरदार सूर. आत येऊन वाजवला, तर खरखर हजर.

म्हणजे खोट चेलोत उरलीच नव्हती. दादाने तो पहिल्याच फटक्यात बरा केला होता, पण प्रत्येक वेळी तपासला तो याच खोलीत. त्याला वाजवत राहायला सांगून मी एकेका वस्तूवर हात ठेवत फिरले. खिडकीची काच, रंगाचे डबे, सरसाचं भांडं. राहता राहिलं भिंतीवरचं बाबांचं व्हायोलिन. बाबा गेल्यापासून आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नव्हता, धीरच होत नव्हता. मी त्याची कड चिमटीत धरली. खरखर बंद. सोडली, सुरू. कडेचा जोड उकलला होता, आणि चेलो बोलला की हेही थरथरत होतं.

दादाने गज खाली ठेवला. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटला.

"आणि मी त्या बिचाऱ्या चेलोचं पोट फाडत बसलो होतो," तो म्हणाला. उठून त्याने सुरी माझ्यापुढे धरली. "बाबांचं तूच कर. माझ्याने नाही व्हायचं."

मी सुरी घेतली. जोडातला जुना सरस खरवडला, गरम सरस भरला, चाप लावले. वाळल्यावर तारा मात्र दादाला चढवायला लावल्या. गुपचूप चढवल्या त्याने.

बाई चेलो न्यायला आल्या. त्यांनी जाड तारेवर गज ओढला, खोली भरून गेली आणि कुठेही काही कुरकुरलं नाही. दादाने बाबांचं व्हायोलिन उचलून त्यांना साथ धरली. जरा बेसूरच होता. मला इतका आनंद झाला होता की पक्कड घेऊन मी त्या व्हायोलिनचा भिंतीतला खिळाच उपटून टाकला, पुन्हा टांगायला नकोच.