दोरी कापायच्या आधी

किर्गिझस्तानातल्या नारिन शहरात राहणाऱ्या नुरझातने लेकीच्या समारंभाचा व्हिडिओ हौसेने टाकला होता. आता ती डोकं धरून बसली होती. बेगायिम नुकती चालू लागली म्हणून रीतीप्रमाणे तिच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधलेली. पोरांच्या शर्यतीत पहिलं येणारं मूल ती कापणार आणि पोरीची वाट मोकळी होणार. पण लोकांचे व्हिडिओ बघतानाचे स्वतःचे व्हिडिओ टाकणाऱ्या परदेशातल्या कुणा दाढीवाल्याने दोरी दिसताच व्हिडिओ थांबवून स्वतःच्या कॅमेऱ्यासमोर गळा काढला होता, "बाळाला बांधून ठेवलंय!" खाली हजारो लोक नुरझातला कैदाशीण म्हणत होते.

"न विचारता माझ्या लेकीचं तोंड जगाला दाखवलं, अपा," ती सासूला म्हणाली. "वर मीच दुष्ट!"

अपाने ते पाहिलं आणि हसून हसून तिचा डोक्यावरचा रुमाल सुटला. "हा तर पाणी उकळायच्या आत चहा ओतणारा! काढ माझा व्हिडिओ." मग मोबाईलकडे बोट रोखून म्हणाली, "अरे लेकरा, पुढचं बघ की! आणि पोरीच्या आईला विचारलंस का?"

नुरझातने खाली इंग्रजी ओळी घालून तो टाकला. सकाळी दाढीवाल्याचा निरोप आला: चुकलो, माझा व्हिडिओ काढून टाकलाय, आता तुमचा पूर्ण बघून दाखवू का?

"दाखवा, पण तिचा चेहरा झाकून," तिने कळवलं.

या वेळी त्याने व्हिडिओ मध्येच थांबवला नाही; दोरी कापली गेली, बेगायिम दुडुदुडु धावली आणि दाढीवाला ढसाढसा रडला.

"मी याला रडताना बघतेय, त्याचाही व्हिडिओ टाक!" अपा टाळ्या पिटत म्हणाली.

"थांबा अपा," नुरझात हसली, "आधी त्याला विचारते."