घंगाळातला समुद्र

"सात समुद्र दारी आले, बाबाजींनी गोड केले!"

टाळ्यांच्या ठेक्यावर दुबईच्या अल नहदातल्या टॉवरचा पार्टी हॉल डुलत होता. हॉल वाढदिवसाच्या नावानं बुक केलेला, म्हणून भिंतीवर फुगे. फुग्यांखाली आरास, आराशीत तांब्याचं भलंमोठं घंगाळ, आणि घंगाळात सकाळीच खोर फक्कानहून आणलेलं समुद्राचं पाणी. प्रत्येकानं ते पळीभर चाखून तोंड वेडंवाकडं केलं होतं. आता तेच पाणी गोड होणार होतं. साल २००९. मंदीनं कुणाची नोकरी नेली होती, कुणाची जायच्या वाटेवर होती. आयुष्यात काहीतरी गोड व्हावं, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मृणालिनीला मात्र काहीच वाटत नव्हतं. देरा भागातल्या तिच्या कन्सल्टन्सीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या ग्रेगरीनं निरोप घेतला, तेव्हा तिला रडूही आलं नाही; तिनं नुसता त्याचा टेबललॅम्प बंद केला. दाढ काढल्यावर गाल होतो ना, तसं आतलं सगळं बधिर झालं होतं.

पाणी हा तिचा विषय. हिंदी महासागरातल्या एका टिकलीएवढ्या बेटराष्ट्रासाठी तिनं पाण्याच्या कायद्याचा मसुदा केला होता. विहीर कुणी खणायची, किती उपसायचं, मोजायचं कुणी, आणि हॉटेलवाल्यांना 'बस झालं' म्हणायचं कुणी. मसुदा मंजुरीला आला आणि नेमके तेव्हाच तिचे साहेब विजयकुमार बाबाजींच्या नादी लागले. बेटाच्या पाणी खात्याच्या प्रमुख जहांआरा दुबईत आल्या होत्या; साहेबांनी त्यांना थेट पहिल्या रांगेत आणून बसवलं.

"समुद्र म्हणजे काय?" बाबाजींनी डोळे मिटले. "रुसलेलं पाणी! इंजिनियर लोक त्याला प्लांटमध्ये कोंडतात, छळतात. मी त्याची समजूत काढतो. हबीबी, प्यार से बोलो, तो पानी भी पिघलता है!"

पाणी आणखी कसलं पिघळणार, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या.

घंगाळावर अभिषेकपात्र टांगलं होतं. त्याची बारीक धार खाली तरंगणाऱ्या झेंडूच्या पाकळ्यांवर पडत होती. थेंब पडे, पाकळी भिजे, पाणी कडेकडेनं पसरे. जरासुद्धा खळबळ नाही. भजनावर भजन चाललं होतं. बधिर माणसाची नजर एका जागी खिळते, तशी मृणालिनीची त्या धारेवर खिळली. पात्र रिकामं झालं की सेवेकरी ते भरत होता. पुन्हा रिकामं, पुन्हा भर. आणि साऱ्या हॉलमध्ये ते कुणालाच दिसत नव्हतं. अभिषेकाचं पाणी आपल्या लेखी पाणी नसतंच, तो उपचार असतो. उपचार कोण मोजतो?

आरती झाली. पाकळ्या अलगद बाजूला सारून सेवेकऱ्यानं वरवरचं पाणी पळीत घेतलं.

"गोड! अगं बाई, खरंच गोड!"

जहांआरांनीही ओंजळ पुढे केली. "माशाल्ला," त्या हिंदीत म्हणाल्या, "असं असेल तर कायद्याची भानगड हवी कशाला? आमचे मंत्री तसेही कायद्याला घाबरतात. बाबाजींनाच बेटावर नेऊ."

विजयकुमार मृणालिनीच्या कानाशी आले. "ऐकलंस? कायदा नाही तर नाही, बाबाजींच्या नावानं बेटाचं काम आपल्याकडेच राहिलं. तुझी नोकरीपण. आता खलास, बस्स! एक शब्द बोलू नकोस."

ती बोलली नाहीच. जेवणाच्या टेबलाकडे गेली, भाताजवळचं कोरं ओगराळं उचललं आणि घंगाळाशी आली.

"अहो ताई, ओवळं होईल ते!" सेवेकरी ओरडला.

तिनं ओगराळं तळापर्यंत बुडवलं, भरून वर काढलं आणि जहांआरांपुढे धरलं. "मॅडम, हे घ्या. तळाचं."

जहांआरांनी घोट घेतला आणि खोकत रुमाल तोंडाला लावला. "खारं! अगदी सकाळसारखं!"

"श्रद्धा नसली की खारंच लागतं," बाबाजी गरजले.

"तुमची तर आहे ना, बाबाजी?" मृणालिनी शांतपणे म्हणाली. "मग हे तुम्हीच प्या."

बाबाजींनी ओगराळ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाबाजींचं मौन सुरू झालं," सेवेकऱ्यानं जाहीर केलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"खारं पाणी जड, गोडं हलकं," मृणालिनी म्हणाली. "फुलांवरून हळूहळू सोडलं की गोडं वरच राहतं, दुधावरच्या सायीसारखं. घंगाळातला समुद्र अर्धा इंचही गोड झालेला नाही. वरून ओतलं तेवढंच तुम्ही प्यालात."

तिनं ओगराळं घंगाळात गरगर फिरवलं. आता वरचं, मधलं, तळचं, सगळं एकसारखं खारट.

"मॅडम, तुमचं बेट असंच आहे. पाऊस हाच अभिषेक. जमिनीखाली समुद्र आणि त्याच्यावर गोड्या पाण्याची साय. गावच्या विहिरी ती साय हलक्या हातानं काढतात. हॉटेलांचे पंप असं ओगराळं घालतात. एकदा खालचं वर आलं की विहीर बिघडते, मग पुढची कितीतरी वर्षं पावसाची वाट पाहायची. तिची समजूत कुणालाच काढता येत नाही."

जहांआरा घंगाळात बघत राहिल्या. "माझ्या माहेरची विहीर खारी झाली तेव्हा हॉटेलचा पंप नवाच होता," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही नजर लागली म्हणून नारळ ओवाळला." मग ताठ झाल्या. "पंपांची तपासणी गावच्या लोकांनाही करता येईल, असं मसुद्यात आहे?"

"नाही. फक्त खात्याला."

"घाला. उद्या बसू."

हॉल पांगला. एक बाई तरीही त्या पाण्यानं बाटली भरत होती. "असू दे, आंघोळीला," म्हणाली. विजयकुमार लिफ्टपाशी थांबले होते. "त्यांना चमत्कार हवा होता. तू त्यांना काम लावून दिलंस."

"हो," मृणालिनी म्हणाली. जिंकल्याचा आनंद होतो का, म्हणून तिनं आत चाचपून पाहिलं. नाही झाला. पण कलम कसं लिहायचं, हे सुचू लागलं होतं.

तेव्हा बाबांनो, बायांनो, कुणी समुद्र गोड करून दाखवला तर हात जोडायची घाई करू नका. वरून काय ओतलं जातंय ते पाहा, आणि घोट तळाचा मागा. जो तो देणार नाही, त्याच्या हाती आपली विहीर देऊ नका.