लागून दोन जागा

ऑर्विन यंदा मोटारींच्या रेसला येणार नाही, ही बातमी डेल्मर प्रूइटला त्याच्या बायकोकडून, म्हणजे मॅव्हिसकडून कळली. तिला ती ऑर्विनच्या बायकोकडून, जोलीनकडून कळली होती. ऑर्विन आणि डेल्मर सख्खे भाऊ. राहायला शेजारशेजारच्या गावांत, पण चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे प्रूइट घराण्याचा सगळा व्यवहार दोघी जावांच्या फोनवर चाले, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरा चाले.

"का येणार नाही म्हणे?" डेल्मरने विचारलं.

"गॅरेजमध्ये बसून रेडिओवर ऐकणार आहे. म्हणतो, तिथे जाऊन काही दिसत नाही."

"साठ वर्षं दिसत नाहीये. त्याला आज कळलं होय?"

 मॅव्हिसने बटाटे सोलायला घेतले. डेल्मर उठून अंगणात गेला आणि सकाळीच कापलेलं गवत पुन्हा कापायला लागला.

अबोल्याचं कारण लाकडी होतं. वडिलांचं जुनं धान्याचं कोठार ऑर्विनच्या वाट्याला आलं होतं. त्याने ते पाडलं आणि फळ्या विकल्या. तिथवर ठीक होतं. पण पुढे एकदा मॅव्हिसच्या वाढदिवसाला डेल्मर इंडियानापोलिसच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेला, तर भिंतीवर शोभेला त्याच फळ्या ठोकलेल्या. त्यातल्या एकीवर त्याने लहानपणी खिळ्याने कोरलेलं स्वतःचं नाव होतं, आणि त्या नावाखाली एक तरुण जोडपं कोशिंबीर खात होतं. डेल्मर ताटावरून उठला. घरी येऊन त्याने भावाला फोन केला आणि म्हणाला, "माझं नाव विकलंस तू." ऑर्विन म्हणाला, "फळ्या विकल्या. नाव फुकट गेलं." त्यानंतर दोघांनाही बोलण्यासारखं काही उरलं नाही.

अपवाद फक्त रेसच्या दिवसाचा. स्पीडवेवरच्या, म्हणजे रेसच्या मैदानावरच्या, दोन जागा वडिलांनी दोघांच्या नावे करून ठेवल्या होत्या, लागून. त्या दरवर्षी एकत्रच राखाव्या लागत, नाहीतर दोन्ही जात. म्हणून मे महिन्याच्या त्या रविवारी दोघे भाऊ सकाळपासून दुपार टळेपर्यंत खांद्याला खांदा लावून बसत. गाड्यांच्या आवाजात तिथे कुणालाच कुणाशी बोलता येत नाही, त्यामुळे यांचा अबोला उठून दिसत नसे. डेल्मर तळलेली कोंबडी आणी, ऑर्विन बिअर आणी. न विचारता एकमेकांच्या डब्यात हात घालत. कुठे गाडी भिंतीवर आपटली की दोघे एकदम उठत आणि एकदम बसत. डेल्मरला ते वर्षभर पुरत असे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मॅव्हिसला ते माहीत होतं.

आता त्या जागा. त्या निवडल्या वडिलांनी, आणि वडील होते चर्चचे कारभारी. चर्चमध्ये सगळ्यात पुढचा बाक मानाचा, म्हणून स्पीडवेवरही त्यांनी तिसऱ्या वळणावरची पुढून तिसरी रांग मागून घेतली. नवखा माणूस हीच चूक करतो. तिथे कुंपणाच्या जाळीतून एक रंग जातो, मग दुसरा रंग जातो, आणि टायरचे बारीक तुकडे येऊन कोंबडीवर पडतात. आपलं चुकलं हे वडिलांना पहिल्याच रेसला कळलं असणार, पण कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते. "जवळून बघायला मिळतं," असं ते डोळ्यातली रबराची कणी काढत म्हणत. मुलांनीही पुढे जागा बदलल्या नाहीत. बदलायच्या तर आधी एकमेकांना विचारावं लागलं असतं.

जागा बदलून मिळतील का, हे विचारायला डेल्मरने तिकीट कचेरीत फोन लावला. तिथली बाई म्हणाली, यंदा लागून दोन जागा तीन ठिकाणी रिकाम्या आहेत. सराव आठवडाभर चालू आहे, आत येऊन कुठेही बसता येतं. बसून बघा आणि शुक्रवारपर्यंत कळवा. डेल्मरने हे मॅव्हिसला सांगितलं, मॅव्हिसने जोलीनला, जोलीनने ऑर्विनला. उत्तर त्याच वाटेने परत आलं. ऑर्विन जागा बघायला येईल. फक्त बघायला. शब्द काही देत नाही.

बुधवारी जोलीनने त्याला फाटकाशी सोडलं. हल्ली गाडी तीच चालवायची. ऑर्विनचं म्हणणं, तिला सवय असलेली बरी. डेल्मर टोपी घालून उभा होता. ऑर्विन आला, शेजारी उभा राहिला आणि दोघे चालायला लागले.

पहिल्या जागा दुसऱ्या वळणावर, मधल्या उंचीवर होत्या. जिन्याशी आल्यावर ऑर्विनने डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझा गुडघा दुखरा आहे," तो म्हणाला. "पडलास तर मॅव्हिस मला बोलेल."

चौदा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. यापेक्षा काहीतरी बरं डेल्मरच्या मनात होतं, पण त्याने वाद घातला नाही. खांद्यावरचा हात वरपर्यंत तसाच राहिला.

खाली सरावाच्या गाड्या फिरत होत्या. पहिल्या वळणातून निघालेली गाडी इथून थेट मागच्या सरळ रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती. डेल्मरला जागा आवडली.

"कसं आहे?"

"बाक तापलाय," ऑर्विन म्हणाला.

"मे महिना आहे."

"मग रविवारी थंड होणार आहे का? आणि खालून तळणीचा वास येतोय. तीन तास हा वास घ्यायचा?"

दुसऱ्या जागा समोरच्या मुख्य सरळ रस्त्यावर होत्या, डोक्यावर छप्पर, समोर गाड्या थांबायचा पिट. टायर बदलणारी माणसं वाकलेली दिसत होती, त्यांच्या पाठीवरची नावंसुद्धा वाचता येत होती. ऑर्विन बसला, जरा वेळ ऐकल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "लाऊडस्पीकर डोक्यावर आहे. शिवाय पाठीत वारा लागतो."

तिथे जागा दाखवणाऱ्या पिवळ्या शर्टवाल्याला राहवलं नाही. "आजोबा, या जागांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात," तो म्हणाला.

"मग त्यांना बसव," ऑर्विन म्हणाला.

दुपारी दोघांनी पावाच्या चारी बाजूंनी बाहेर आलेलं डुकराचं तळलेलं मांस खाल्लं. ऑर्विनने कडा कुरतडून घेतल्या आणि मोहरी कमी आहे म्हणाला. डेल्मर आतून धुमसत होता. याला यायचंच नाही, म्हणून प्रत्येक जागेत खोट काढतोय, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं. सरळ नाही म्हणावं, पण नाही, माणसाला उन्हात नाचवायचं. ज्याने बापाचं कोठार विकलं तो आणखी काय करणार. फळ्यांचा विषय जिभेवर आला होता. डेल्मरने त्यावर घोटभर बिअर ओतली.

तिसऱ्या जागा चौथ्या वळणावर, जवळजवळ शेवटच्या रांगेत. ऑर्विनचा हात परत खांद्यावर आला. चढता चढता डेल्मरचा गुडघा खरोखरच बोलायला लागला. वर पोचून तो बसला, धाप टाकली आणि समोर बघितलं.

गाड्या तिसऱ्या वळणातून येताना दिसत होत्या, चौथ्यातून सुटताना दिसत होत्या, अख्खा सरळ रस्ता पार करून पार पहिल्या वळणात शिरेपर्यंत दिसत होत्या. मागची गाडी पुढचीच्या सावलीसारखी येते, वाट बघते, मग एकदम बाजूला होऊन पुढे निघते. म्हणजे हे सगळं असं असतं. डेल्मर साठ वर्षं रेसला येत होता आणि रेस त्याने आज पाहिली. त्याला इतका आनंद झाला की राग विसरून तो भावाकडे वळला.

ऑर्विन समोर बघत होता. गाडी उजवीकडे निघून गेली होती आणि त्याचा चेहरा अजून समोरच होता.

"पायऱ्या फार आहेत," तो म्हणाला.

बाक, वास, लाऊडस्पीकर, वारा, पायऱ्या. डेल्मरने ते मनात पुन्हा मांडून पाहिलं. दिवसभरात या माणसाने दिसण्याबद्दल एकही तक्रार केलेली नव्हती.

"ती पिवळी बघ," डेल्मर सावकाश म्हणाला. "कशी आतून गेली."

ट्रॅकवर पिवळी गाडी नव्हती.

"पाहिली," ऑर्विन म्हणाला. "पोरगा बरा चालवतो."

 खांद्यावरचा हात कशासाठी होता ते डेल्मरला कळलं. मग त्याला जावांचा राग आला. दोघी दिवसभर फोनला चिकटलेल्या असतात आणि सांगायचं तेवढं सांगत नाहीत. मग भावाचा राग आला, की अरे, मला कळवायचं तरी. आणि मग, आपल्याला त्याने कळवायचं तरी कसं, या विचाराशी येऊन राग संपला. डोळे भरून येतील असं वाटलं, म्हणून त्याने गुडघा चोळला.

गॅरेज, खुर्ची, रेडिओ. तिथे एक शहाणा माणूस त्याला सगळं नीट सांगणार होता. इथे येऊन त्याने काय करायचं? डेल्मरने घसा साफ केला.

"लाल आली," तो म्हणाला. "चौथ्यातून. भिंतीला अगदी चिकटून."

ऑर्विनने कान त्याच्याकडे केला.

"मागे निळी आहे. जवळ येतेय. आत घुसतेय, आत घुसतेय. नाही. सोडलं तिने."

"का सोडलं?"

"मला काय माहीत?"

"रेडिओवाला सांगतो, का सोडलं ते."

"मग रेडिओवाल्यालाच घेऊन ये रेसला."

ऑर्विनने यावर थोडा विचार केला. "निळीचा नंबर काय?" त्याने विचारलं.

"इतक्या लांबून दिसत नाही."

"म्हणजे दोघांनाही दिसत नाही," ऑर्विन म्हणाला.

गाड्या एक फेरी मारून आल्या. 

"जानेवारीपासून," ऑर्विन म्हणाला. "कडेकडेचं दिसतं थोडं. मधलं गेलं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, वय झालं. एवढं सांगायला तीनदा बोलावलं."

"मला सांगायचं होतंस."

"कोणत्या तोंडाने? जोलीनच्या?"

हे बरोबर होतं. लाल गाडी परत आली तशी डेल्मरने ती सांगितली. मग निळी, मग एक पांढरी, जी इतकी हळू होती की तिला दोन वाक्यं पुरली. सांगता सांगता त्याला जमायला लागलं. कोण बाहेरून आलं, कोण दबकलं, कुणाचं मागचं टोक हललं. ऑर्विन मधेच "कुठल्या बाजूने?" म्हणायचा, नाहीतर "ओरडू नकोस, डोळे गेलेत, कान नाही" म्हणायचा.

"रविवारी तेहतीस गाड्या असतील," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आणि एवढी माणसं. ओरडावं लागेल तुला."

"ओरडेन."

"तीन तास?"

"चौदा वर्षांचा आवाज शिल्लक आहे."

ऑर्विनने मान हलवली. हिशेब त्याला पटलेला दिसला. "घरी गेल्यावर जोलीनकडून मॅव्हिसला कळवतो," तो म्हणाला.

"काय?"

"की या जागा चालतील."

"बरं," डेल्मर म्हणाला. "मॅव्हिसने सांगितलं की मी त्या बाईला फोन करतो."

खाली सराव संपला. एकेक गाडी पिटमध्ये शिरली, शेवटचं इंजिन बंद झालं, आणि एवढ्या मोठ्या मैदानात एकदम शांत झालं. डेल्मर उठायला लागला. ऑर्विन हलला नाही.

"आता काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. संपलं आजचं."

"काहीच नाही असं कसं होईल?"

डेल्मर परत बसला आणि शोधायला लागला. "झाडायची गाडी फिरतेय," तो म्हणाला. "भिंतीपाशी दोन माणसं उभी आहेत. एक दुसऱ्याला काहीतरी दाखवतोय."

"काय दाखवतोय?"

"रस्त्यावर टायरची खूण असेल. वाकून बघतोय."

"आणि दुसरा?"

"त्याला पटलेलं नाही. कमरेवर हात ठेवलेत."

ऑर्विनने पाय लांब केले आणि तापलेल्या बाकाला पाठ टेकली. "सांग पुढे," तो म्हणाला. "सावकाश सांग."

खाली जिन्याच्या तोंडाशी रखवालदार उभा होता आणि फाटक बंद करायचं आहे, उतरा, असं दोन्ही हातांनी खुणावत होता. तेवढं मात्र डेल्मरने सांगितलं नाही.